मास्तर गावाचा होता तेव्हा: गोव्यातील शाळांबद्दलच्या पालकांच्या तक्रारीची पार्श्वभूमी

जून उजाडला की गोव्यातल्या मराठी वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते. अमक्या वाड्यावरच्या सरकारी प्राथमिक शाळेत पालकांनी मुले पाठवली नाहीत, तमक्या शाळेच्या फाटकाला टाळे ठोकले. निमित्त कधी शिक्षिकेच्या बदलीचे असते, कधी प्रभारी मुख्याध्यापकाशी उडालेल्या खटक्याचे, तर कधी पावसाआधी न झालेल्या छपराच्या दुरुस्तीचे. भागशिक्षणाधिकारी येतात, सरपंच मध्ये पडतो, दोन दिवसांनी शाळा पुन्हा भरते आणि विषय मिटला असे सगळेच समजतात. पुढच्या जूनमध्ये वाडा तेवढा बदलतो; शाळेला नेतृत्व नाही, वातावरण बिघडले, ही पालकांची तक्रार तीच राहते.

शाळा कोण चालवतो आणि त्याने ती नीट चालवली नाही तर त्याला विचारायचे कुणी, हा या टाळेबंदीमागचा प्रश्न आहे. गोव्यात त्याचे उत्तर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत दोनदा पूर्ण फिरले. ते कसे फिरले हे पाहिल्याशिवाय आजच्या पालकांची चिडचिड कळत नाही.

पोर्तुगीज अमदानीत सरकारी शिक्षण म्हणजे पोर्तुगीज भाषेतले शिक्षण. आधी ‘प्रिमेर ग्राव’, मग ‘सेगुंद ग्राव’ आणि ज्याची ऐपत असेल त्याला पणजीचे 1854 साली निघालेले लिसेव, म्हणजे माध्यमिक विद्यालय. गावातल्या हिंदू घरांतली मुले शिकत ती शेणवीमामच्या, म्हणजे गावच्या पंतोजींच्या, शाळेत. ही शाळा देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे देवळालगतच्या खोल्यांत, किंवा एखाद्या भाटकाराच्या (जमीनदाराच्या) ओसरीवर भरे. तिथे धूळपाटीवर अक्षरे, पाढे, मोडी आणि जमाखर्च शिकवत. 1910 मध्ये पोर्तुगालात राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले आणि हिंदूंना नागरिक म्हणून मोकळा श्वास घेता आला. त्या काळाच्या आगेमागे संस्थांच्या मराठी शाळा उभ्या राहू लागल्या. पणजीची मुष्टिफंड संस्था 1908 ची, फोंड्याची आल्मेदा 1911 ची, मडगावचे गोमंत विद्या निकेतन 1912 चे.

मुष्टिफंड या नावातच त्या काळचे अर्थकारण आहे. घरोघरी रोजच्या शिजवणीतून मूठभर तांदूळ बाजूला काढायचे आणि साठलेल्या तांदळावर शाळा चालवायची. ज्या घरातला तांदूळ मास्तरांच्या पगारात जात होता, त्या घराला मास्तरांना बोलण्याचा हक्क आपोआप मिळत होता. खेड्यातल्या शाळेत तर हे आणखी उघड होते. मास्तर कुणाच्या तरी माडीवर राहायचा, जेवणाची पाळी ठरलेली असायची, वर्षाकाठी नारळ-भात मिळायचे. शिकवणे पसंत पडले नाही तर पुढच्या वर्षी दुसरा मास्तर यायचा. त्यासाठी अर्ज लागत नसे आणि चौकशी समितीही बसत नसे.

या व्यवस्थेचे गोडवे गाणारे लोक अजून भेटतात. त्यांना एक आठवण करून द्यायला हवी. त्या ओसरीवर सगळ्यांची मुले बसत नव्हती. देवळाच्या अग्रशाळेची पायरी ज्यांना बंद होती, त्यांच्या मुलांना मास्तरही बंद होता. ‘गावाचा मास्तर’ म्हणताना गाव म्हणजे मोजकी घरे होती.

हे चित्र पालटले मुक्तीनंतर. 20 डिसेंबर 1963 रोजी दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि भाऊसाहेबांच्या सरकारने वाड्यावाड्यांवर प्राथमिक शाळा नेल्या. पेडणे, सत्तरी, सांगे, काणकोण इथल्या डोंगरकुशीतल्या वस्त्यांतही शाळा आली. बहुतेक शाळा मराठी माध्यमाच्या होत्या. इमारत नसेल तर देवळात, मांडावर (गाव जमण्याच्या जागेवर), कुणी दिलेल्या खोलीत वर्ग भरले. जमीन देणारे, दगड-माती वाहणारे गावकरीच होते. बहुजन समाजातली एक अख्खी पिढी पहिल्यांदा शाळेत गेली ती याच शाळांत. गोव्याच्या आधुनिक इतिहासात याहून मोठे काम फार थोडे झाले आहे, असे माझे मत आहे.

पण त्याच वेळी मास्तर सरकारी नोकर झाला. पगार शिक्षण संचालनालयाकडून, बदली संचालनालयाकडून, गोपनीय अहवाल निरीक्षकाकडून. गावाने जमीन दिली, पण मास्तर ठेवायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क गावाकडे उरला नाही. तेव्हा ते कुणाला खटकले नाही, याचे कारण साधे होते. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवणकडून आलेले ते मास्तर गावातच बिऱ्हाड करून राहत. सुट्टीच्या दिवशी कुणाचे पत्र वाचून दाखव, कुणाचा तलाठ्याकडचा अर्ज लिहून दे, नाटकाच्या तालमीला प्रॉम्प्टर म्हणून बस, हे सगळे चालू असे. पालकाला तक्रार असेल तर ती संध्याकाळी देवळाच्या सोप्यावर सांगितली जाई. कायद्याने त्याच्यावर गावाचा हक्क नव्हता, पण तो डोळ्यांसमोर होता.

पुढे रस्ते झाले, स्कूटर आली. शिक्षक शहरात राहून रोज ये-जा करू लागले. त्यात त्यांचा दोष काढण्यासारखे काही नाही, त्यांनाही मुलेबाळे आहेत. पण दुपारी शाळा सुटली की शिक्षक गावाबाहेर आणि सोपा रिकामा, असे झाले. तक्रार सांगायची तर ती आता लेखी द्यावी लागते आणि लेखी तक्रार म्हणजे भांडण. ‘वातावरण बिघडले’ असे पालक म्हणतात तेव्हा त्यात या दुराव्याचा वाटा मोठा असतो.

कायद्याने व्यवस्था बांधली गेली ती 1984 च्या शालेय शिक्षण कायद्याने आणि 1986 च्या नियमांनी. मान्यता, अनुदान, व्यवस्थापन, सेवाशर्ती यांची घडी त्यातून बसली. अनुदानित शाळांत मुख्याध्यापकपद हा सेवाज्येष्ठतेचा विषय बनला आणि त्यातून वादही झाले. अल्पसंख्याक संस्थांचे गणित निराळे. ज्येष्ठता बाजूला ठेवून आपल्या पसंतीचा प्रमुख नेमण्याचा त्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये मान्य केला. वादांच्या या सगळ्या जंजाळात पालक मात्र कुठेच पक्षकार नाहीत. भांडण व्यवस्थापन आणि शिक्षक यांच्यात, निकाल त्यांच्यापुरता. पालकांना कळते ते एवढेच, की दोन वर्षे झाली, हेड ‘प्रभारी’च आहेत.

खरे तर पालकांनी हा विषय हातात घ्यावा अशी वेळ 1990 च्या सुमारास आली होती. पण त्याच वर्षी माध्यमाचा वाद पेटला. शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना सरकारने ठरवले की प्राथमिक शाळांना अनुदान मिळेल ते मराठी, कोकणी अशा भारतीय भाषांच्या माध्यमालाच. चर्चच्या संस्थांच्या बहुतेक प्राथमिक शाळा कोकणीकडे वळल्या. 2011 मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय घेतला. त्याच्या बाजूने ‘फोर्स’ ही पालकांची संघटना उभी राहिली, विरोधात भारतीय भाषा सुरक्षा मंच. त्या मंचावर राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे तेव्हाचे गोवा प्रमुख सुभाष वेलिंगकर आणि काकोडकर एकत्र दिसले. 2012 मध्ये सरकार बदलले तरी अनुदान तसेच राहिले आणि त्यावरूनच 2016 मध्ये वेलिंगकरांनी संघापासून वेगळी चूल मांडली.

या अडीच दशकांत गोव्यातल्या पालकांनी मोर्चे काढले, उपोषणे केली, निवडणुका हलवल्या. सगळे भाषेसाठी. शाळा कोण चालवतो, मुख्याध्यापक पूर्णवेळ आहे की नाही, यासाठी तेवढ्या जोराचे काही झाले नाही. माध्यमाचा प्रश्न खोटा नव्हता. पण मराठीचा कैवार घेणाऱ्यांनीही मराठी शाळेच्या खुर्चीत कोण बसला आहे, हे फारसे विचारले नाही. भाषा टिकली पाहिजे म्हणणाऱ्या कितीजणांची मुले सरकारी मराठी शाळेत होती, हा प्रश्न तेव्हाही अडचणीचा होता.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र गोवा पुढे होता. गोवा बाल कायदा 2003 मध्येच आला, शाळांत छडी बंद झाली, पणजीत बाल न्यायालय सुरू झाले. 2013 च्या जानेवारीत वास्कोतल्या एका शाळेच्या आवारात सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला आणि संतापलेले पालक रस्त्यावर उतरले. तोवर हेड कडक आहेत की मवाळ, एवढीच चौकशी पालक करत. आता फाटकावर कोण असतो, शौचालयाकडे कुणाचे लक्ष असते, हे ते आधी विचारतात. त्याची जबाबदारी शेवटी मुख्याध्यापकावरच येते, मग तो नेमलेला असो वा नसो.

सर्वांत कमी बोलला गेलेला मुद्दा आहे शिक्षण हक्क कायद्याचा. 1 एप्रिल 2010 पासून तो लागू झाला. त्यातल्या 21 व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेच्या कामावर देखरेख ठेवायची, विकास आराखडा करायचा, अनुदानाच्या खर्चावर नजर ठेवायची. कागदावर पाहिले तर मूठभर तांदळाच्या काळानंतर पालकांचा हात पहिल्यांदा शाळेपर्यंत पोचला.

त्याच कायद्याच्या परिशिष्टात मात्र दुसरा हिशेब आहे. पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. स्वतंत्र मुख्याध्यापक केव्हा? पटावर 150 हून जास्त मुले असतील तेव्हा. आता सत्तरी किंवा काणकोणातल्या कुठल्याही वाड्यावरची शाळा डोळ्यांसमोर आणा. पटावर वीस मुले असली तरी ती शाळा बरी म्हणायची. काही ठिकाणी एकच शिक्षक पहिली ते चौथी असे चारही वर्ग सांभाळतो. म्हणजे गोव्यातल्या बऱ्याचशा सरकारी प्राथमिक शाळांना स्वतंत्र मुख्याध्यापक कायद्याच्या मापानेच मिळू शकत नाही. पालक ज्याच्या नेतृत्वाबद्दल तक्रार करतात, ती खुर्ची मुळात मांडलेलीच नाही. जो ज्येष्ठ तो ताबा घेतो आणि शिकवता शिकवता कारभार उरकतो.

त्याचा दिवस कसा जातो ते बघा. सकाळी एकाच खोलीत पहिली आणि तिसरी शेजारीशेजारी. तिसरीला फळ्यावर गुणाकार लावून दिला की पहिलीच्या पाट्या तपासायच्या. तेवढ्यात बचतगटाच्या बाया माध्यान्ह आहाराची पाव-भाजी घेऊन येतात. भाजी चाखून बघायची, किती पाव आले ते मोजायचे, वहीत सही करायची. पोर्टलवर माहिती भरायची असते, पण शाळेत रेंज नसते, म्हणून मोबाइल घेऊन वरच्या बांधावर जायचे. मतदार यादीचे काम असेल तर त्यासाठी वेगळे फिरायचे. वाळपईला किंवा म्हापशाला बैठक लागली तर त्या दिवशी शाळेचे काय, याचे उत्तर बाजूच्या शाळेतून कुणी येते का यावर अवलंबून. आई शाळेत येऊन म्हणते, बाई, माझ्या झिलाक अजून वाचता येत नाही. बाईंना ते आधीच ठाऊक असते.

समितीचे म्हणाल तर अशा शाळेची इतिवृत्ताची वही चाळावी. सभेस उपस्थित सदस्य, सह्या, मागील सभेचे इतिवृत्त कायम. मग ठराव: शौचालयाच्या दाराची कडी बदलणे. पुढच्या सभेत पुन्हा तोच ठराव. कडी बदलायला पैसे आणि परवानगी वरून यायची असते आणि शिक्षकाच्या नेमणुकीवर किंवा बदलीवर समितीचा काही अधिकार नाही. सभेला येणाऱ्या बहुतेक आया रोजंदारी बुडवून आलेल्या असतात. दुसऱ्यांदा तोच ठराव लिहिला गेला की तिसऱ्या सभेला त्या येत नाहीत. त्यांना दोष कसा द्यायचा?

अनुदानित शाळांत पालक-शिक्षक संघ आहेत. दरवर्षी निवडले जातात, स्नेहसंमेलनाला आणि सहलीला राबतात. चर्चच्या किंवा अन्य अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानंतर शिक्षण हक्क कायदाच लागू राहिला नाही. तिथे पालकांचे किती ऐकायचे, हे व्यवस्थापनाच्या मनावर.

मग पालकाच्या हातात राहते काय? दाखला काढून घेणे. सरकारी शाळेच्या दारावरून बालरथ, म्हणजे सरकारी योजनेतली शाळेची बस, जातो, तो अनुदानित शाळेत नेऊन सोडतो. तिथे गणवेश कडक, टाय, इंग्रजीची चार गाणी, आणि मुख्य म्हणजे खुर्चीत बसलेला हेड. किनारी भागातल्या आणि शहरांतल्या सरकारी शाळांत आता कर्नाटक, उत्तर प्रदेश, झारखंडहून आलेल्या कामगारांची मुले मोठ्या संख्येने आहेत. ‘तिथे आता आपली मुले नाहीत’ असे गोंयकार पालक हळू आवाजात सांगतात आणि त्यालाच वातावरण म्हणतात. हे वाक्य नेतृत्वाबद्दलच्या तक्रारीत गुंडाळून सांगितले जाते, पण ती तक्रार नव्हे. ज्या मुलाच्या घरी कन्नड आहे आणि वर्गात मराठी, त्याच्या बापाला तर शाळा व्यवस्थापन समिती नावाची काही गोष्ट असते हेही कुणी सांगितलेले नसते.

2025 मध्ये सहावीपासून पुढचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू करण्याचे ठरले तेव्हा पालक खवळले. उन्हाळा, पाणी, घामाने निथळणारी मुले हे त्यांचे म्हणणे होते आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. शाळा चालवणाऱ्यांनी आधी आपल्याला विचारले असते तर, ही त्या वेळची खरी बोच होती.

राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मध्ये शाळा संकुलाची कल्पना आहे. एका माध्यमिक शाळेभोवती पाच ते दहा किलोमीटरमधल्या लहान शाळा बांधायच्या, साधने आणि कारभार एकत्र करायचा. गोव्यात कमी पटाच्या शाळांच्या विलीनीकरणाची चर्चाही जुनी आहे. दोन्ही वाटांनी शाळांना कदाचित पूर्णवेळ प्रमुख मिळेल. तो बसेल मात्र वाड्यापासून लांब, मोठ्या शाळेत. त्याला भेटायला पालकाने कदंब परिवहन महामंडळाची कुठली बस धरायची आणि समितीची सभा वाड्यावर भरायची की संकुलात, हे विलीनीकरणाच्या फायलीत आधी लिहिलेले दिसले पाहिजे.