नागपूरचं घर आधी थंड कसं राहायचं, आणि बिल कुठून वाढलं

मार्च संपत आला की आपल्या नागपुरात घरोघरी तोच विषय, यंदा कुलरवर भागवायचं का एसी घ्यायचा, आणि मग गाडी बिलावर येऊन अडते. पण इथवर आपण आलो कसे हे कोणी बघून नाही राहिलं, म्हणून थोडं मागचं लिहितो. माझ्या मते बिल वाढायला नुसतं ऊन जबाबदार नाही, त्याहून जास्त आपल्या डोक्यावरचं छत जबाबदार आहे.

ऊन तर इथे पहिलेपासूनच आहे. २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदलं गेलं हे खरं, पण इंग्रजांच्या काळातही मध्य प्रांताची राजधानी नागपूर असून उन्हाळा लागला की सरकार पचमढीला जायचं, यावरून समजून घ्या. ज्यांना पचमढी नव्हती त्यांनी घरच तसं बांधलं. महाल, इतवारीकडचे जे थोडे जुने वाडे उरले आहेत त्यात मे महिन्यात भर दुपारी जाऊन उभं राहा, फरक अंगाला कळतो. भिंती हातभर जाड, त्यामुळे बाहेरची धग आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर बाहेरची हवा उतरलेली असते म्हणून दारंखिडक्या उघडून टाकायच्या. वर कवेलू, म्हणजे कौलं, आणि त्याच्या खाली लाकडी माळा. कवेलूच्या फटीतून गरम हवा निघून जायची आणि माळ्यामुळे छताची आग खाली झोपलेल्या माणसापर्यंत यायचीच नाही. यात एक पैशाची वीज नाही.

मग वाळ्याच्या ताट्या. बांबूच्या चौकटीत वाळ्याची मुळं, म्हणजे खस, भरायची, दारात खिडकीत लावायची आणि पाणी मारत राहायचं, की बाहेरची लू आत येताना गार होऊन येते. बंगल्यांत, कचेऱ्यांत तर पाणी मारायला माणूसच ठेवलेला असायचा. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी याच्याही पुढे जाऊन मोठी लाकडी पेटी केली, बाजूला ओल्या ताट्या आणि आत हाताने फिरवायचा पंखा, तिला थर्मँटिडोट म्हणायचे. त्या पेटीला मोटर लावली की आपला कुलर झाला! तिकडे अमेरिकेत अॅरिझोनासारख्या कोरड्या भागात १९३० च्या दशकात विजेवरचे असे कुलर घरोघरी झाले, आपल्याकडे नंतर पत्र्याची पेटी, एक्झॉस्ट फॅन, छोटा पंप आणि लाकडाच्या बारीक तासलेल्या धाग्यांचं किंवा वाळ्याचं गवत असं सगळं जमवून गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याने बनवलेला कुलर आला आणि तो इथे असा रुजला की खिडकीला लागून लोखंडी स्टँड नाही असं घर सापडायचं नाही.

तो इथेच एवढा का चालला, मुंबईत का नाही, याचं कारण हवेत आहे. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेते, आणि हवा जितकी कोरडी तितकं पाणी जास्त उडते. मे महिन्याच्या दुपारी ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असली तर ओली हवा साधारण २३ अंशापर्यंत उतरू शकते, चांगल्या कुलरची हवा २७-२८ ला तरी मिळतेच. मुंबईच्या दमट हवेत हे होत नाही, आणि आपल्याकडेही मृगाचे दोन शिंतोडे पडले की चिकचिक सुरू होते. मात्र कुलरची हवा बाहेर जायला समोरची खिडकी किंवा दार उघडं पाहिजे, नाहीतर तीच ओली हवा खोलीत साचते. कित्येक जण सगळं बंद करून कुलर लावतात आणि मग कुलर बेकार झाला म्हणतात, हे बघून खरंच वाईट वाटते. आणि अर्थिंग तपासल्याशिवाय ओल्या हाताने पत्र्याच्या कुलरला हात लावू नका बाप्पा, दर उन्हाळ्यात यात माणसं जातात.

आता छताकडे येतो. नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे शहर वाढवायचं काम बघणारी संस्था, १९३६ ची, पुढे शहर लेआऊट लेआऊट करत वाढलं आणि नव्या घरांवर सिमेंटचा स्लॅब आला. लोकांनी कवेलू हौसेने नाही सोडले, दर पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, माकडं फोडायची, पाणी गळायचं, फेरणारे मिळेनासे झाले. पण नुसता स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खाली सोडत बसतो, भिंतीही नऊ इंच नाहीतर त्याहून कमी. म्हणजे पहिले जे काम छत फुकटात करायचं ते मशीनवर आलं. तोवर वीजही घरोघरी पोचली होती, शेजारी कोराडीचं केंद्र १९७४ ला सुरू झालं, पुढे खापरखेडा. २००० नंतरच्या दशकात विदर्भाने भारनियमन भोगलं तेही भर उन्हाळ्यात, वीज इथे बनते आणि पंखा इथेच बंद, हा राग अजून लोकांच्या मनात आहे.

भारनियमन कमी झालं तसा एसी वाढला. कुलर साधारण २०० वॅटचा, रात्रीचे आठ तास म्हणजे दीड-पावणेदोन युनिट. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी मे महिन्यात तेवढ्याच आठ तासांत पाच-सहा युनिटच्या खाली क्वचितच राहतो, जुना असला तर दहाच्या आसपास. त्यात घरगुती दर १००, ३००, ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढतात, म्हणून बिल दुप्पट नाही, त्याहून वर जाते. सरकारनेही हे बघितलं, मशीन किती वीज वाचवते ते ताऱ्यांनी सांगणारं स्टार लेबल २००६ ला आलं, एसीला २०१० पासून सक्तीचं झालं, आणि २०२० पासून नवा एसी सुरू केला की आपोआप २४ अंशावर येतो. २६ वर ठेवून वर २८-३० वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा लावला तर अजूनच बरं, जुना पंखा ७५ वॅट खातो.

पण छताचं काय? २०१० च्या मे महिन्यातल्या लाटेत अहमदाबादेत खूप माणसं गेली, तिथे २०१३ ला उष्णतेचा कृती आराखडा झाला, मग नागपूरनेही केला आणि गच्चीला पांढरा चुना मारायची गोष्ट पुन्हा बोलली जाऊ लागली. चुना फेव्हिकॉल टाकून दोन हात मारा, एप्रिलच्या आत मारा, वरच्या मजल्यावरच्यांना हे सगळ्यात स्वस्त पडते. केंद्राने २०१८ ला घरांसाठी इको निवास संहिता आणली, त्यात छतातून उष्णता किती यावी याची मर्यादा घातली आहे, आणि उघडा स्लॅब त्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त उष्णता खाली सोडतो.

म्हणून वरच्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला जाल तर टाइल्स नंतर बघा, पहिले बिल्डरला विचारा स्लॅबवर उष्णतारोधक थर टाकला का, आणि कुलर ठेवायचा तर तो कोणत्या खिडकीला लागेल. बऱ्याच नव्या स्कीममध्ये सरकत्या काचा आहेत आणि कुलरला जागाच नाही, एसीचं भोक मात्र प्रत्येक खोलीत पाडलेलं असते.