अ‍ॅनोड झिजतोय? झिजू द्या, रंग लावू नका

"प्रोपेलरजवळचा जस्ताचा तुकडा वर्षात अर्धा झाला म्हणजे माल हलका. रंगाचा एक हात मारा, टिकेल." मोटरबोट बाळगणाऱ्यांमध्ये हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो साफ चुकीचा आहे आणि महागात पडतो.

तो तुकडा, म्हणजे अ‍ॅनोड, झिजण्यासाठीच बसवलेला असतो. एकमेकांना जोडलेले दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात असले की बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि जास्त क्रियाशील धातू विरघळू लागतो. जस्ताने तो मार स्वतःवर घेतला, तरच कांस्याचा प्रोपेलर आणि त्याला फिरवणारा दांडा (शाफ्ट) वाचतो. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचवायला हीच युक्ती सुचवली होती.

रंगामुळे पाणी जस्ताला भिडतच नाही. मग प्रोपेलरची पाती गुलाबीसर दिसू लागतात: त्या 'कांस्यातलं', म्हणजे खरं तर पितळी मिश्रधातूतलं, जस्त निघून गेलेलं असतं आणि पातं ठिसूळ होतं.

खरी काळजी वर्षभरानंतरही नवाकोरा दिसणाऱ्या अ‍ॅनोडची करा. बहुतेक वेळा त्याच्या बुडाशी गंज किंवा रंग अडकून धातूशी संपर्क तुटलेला असतो. तो काढा, बसायची जागा तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा, बोल्ट घट्ट आवळा. निम्मा झिजला की बदला.

आणि बोट गोड्या पाण्यात असेल, तर जस्त नकोच. त्यावर कडक थर बसून ते निकामी होतं. तिथे मॅग्नेशियम लागतं. निमखाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम चालतं.