बहुशाखी व्यवसायांची इंटरनेट व्यवस्था (ग्रामीण विदर्भ)

बहुशाखी व्यवसायांची इंटरनेट व्यवस्था : एकाच संस्थेच्या वेगवेगळ्या गावांतील शाखा, गोदामे, काटाघरे व विक्रीकेंद्रे यांच्या इंटरनेट जोडण्या एका ठिकाणाहून ठरवणे, त्यांची बिले भरणे, त्यांवर लक्ष ठेवणे आणि बंद पडलेली जोडणी सुरू करून घेणे, या सर्व कामांसाठी वापरली जाणारी संज्ञा. विदर्भात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, पतसंस्था, जिल्हा सहकारी बँका, खते-बियाण्यांचे वितरक आणि कृषी केंद्रांच्या साखळ्या यांना अशी व्यवस्था लागते. बोलीत तिला स्वतंत्र नाव नाही. जोडणी देणारा आणि ती सांभाळणारा या दोघांनाही ‘नेटवाला’च म्हणतात.

उगम व परिभाषा : दूरच्या पेठेशी तारेने जोडलेले राहण्याची गरज वऱ्हाडात जुनी आहे. १८७० मध्ये खामगाव लोहमार्गाने जोडले गेले, आणि लोहमार्गांबरोबर तारयंत्रही कापसाच्या पेठांपर्यंत आले. मात्र तारेचा निरोप आणि आजची सततची जोडणी यांत सरळ वारसा दाखवणे ओढूनताणून होईल. आजच्या पद्धतीचे धागे दोन. पहिला एमपीएलएसचा, म्हणजे दूरसंचार कंपनीच्या जाळ्यातून शाखा जोडण्याच्या एका पद्धतीचा. यात माहितीच्या प्रत्येक पुडक्याला छोटी खूणचिठ्ठी लावतात आणि वाटेतली यंत्रे पूर्ण पत्ता न तपासता चिठ्ठीवरूनच ते पुढे ढकलतात. या कल्पनेचे श्रेय कोणाचे, याबद्दल एकमत नाही. इप्सिलॉन व सिस्को या कंपन्यांच्या योजना १९९६ च्या आहेत. तोशिबाची योजना थोडी आधीची दिसते. १९९७ मध्ये इंटरनेटची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने यासाठी कार्यगट नेमला आणि जानेवारी २००१ मध्ये एमपीएलएसची रचना आरएफसी ३०३१ या मानक-दस्तऐवजात प्रसिद्ध झाली.

दुसरा धागा एसडी-वॅनचा, म्हणजे शाखांच्या वेगवेगळ्या लाइनींवरची वाहतूक एका ठिकाणाहून सॉफ्टवेअरने वळवण्याचा. हे नाव साधारण २०१४ च्या सुमारास रूढ झाले. एक मत त्याची मुळे ओपनफ्लो (जाळ्यातील यंत्रांना सॉफ्टवेअरने वाट सांगण्याची रीत, २००८) आणि गुगलच्या बी-फोर जाळ्यात (२०१३ मध्ये प्रसिद्ध) शोधते. दुसऱ्या मतानुसार, दोन स्वस्त लाइनी एकाच राउटरला लावून भार वाटण्याची जी व्यवहारी रीत आधीपासून होती, तिचेच हे सुधारलेले रूप. बी-फोर हे माहितीकेंद्रांना (डेटा सेंटर) जोडणारे जाळे होते, शाखांना जोडणारे नव्हे. हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक पटते. दूरसंचार उद्योगातील एमईएफ या संस्थेने २०१९ मध्ये एमईएफ ७० या मानकात एसडी-वॅन सेवेची व्याख्या केली.

जोडणीचे प्रकार : भाड्याची खास लाइन, फायबर ब्रॉडबँड, सिमवर चालणारा फोर-जी राउटर आणि व्हीसॅट (छोट्या थाळीने उपग्रहामार्फत घेतलेली जोडणी) हे चार प्रकार आढळतात. पहिल्या तिन्हींची ओळख येथे गृहीत धरली आहे. व्हीसॅटचा भूस्थिर उपग्रह सुमारे ३५,७८६ किमी उंचीवर असल्याने प्रश्न जाऊन उत्तर परत यायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. बँकेची एखादी नोंद त्यात निभावते. मुख्य कार्यालयातल्या संगणकावर दुरून हिशेब लिहिताना मात्र प्रत्येक अक्षर मागे पडते.

दोन लाइनींचा हिशेब : एखादी लाइन ९९ टक्के वेळ चालते, याचा अर्थ ३० दिवसांत ती ७ तास १२ मिनिटे बंद असते. तशाच दोन लाइनी एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकदम बंद राहण्याचा काळ महिन्याला सुमारे ४ मिनिटांवर येतो. सगळा हिशेब ‘स्वतंत्र’ या एका शब्दावर उभा आहे आणि ग्रामीण भागात नेमका तोच फसतो. जिनिंगच्या काटाघरात पाहावे : खिडकीशेजारी दोन कंपन्यांचे दोन डबे, दोन्हींवर हिरवे दिवे; पण बाहेर दोन्ही वायरी विजेच्या एकाच खांबावरून उतरलेल्या. पुढे तालुक्यापर्यंत दोन्ही फायबर रस्त्याच्या एकाच कडेने जातात. रुंदीकरणाच्या जेसीबीचा एक फावडा पडला की दोन्ही तुटतात, कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर जाते आणि काटापट्टी हाताने लिहावी लागते. शेतकरी मात्र पहाटेपासून तिथेच उभा असतो. म्हणून कंपन्या दोन आहेत का, यापेक्षा वाटा दोन आहेत का, हे आधी विचारावे. फायबरला जोड म्हणून दुसऱ्या दिशेच्या टॉवरवरचे सिम हा या भागात सर्वांत खात्रीचा उपाय, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. खोदकामाआधी केबलमालकांना कळवण्यासाठी केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले.

टॉवरलाही वीज लागते, आणि काळ्या मातीत पावसाळ्यात खांब कलतात. त्यामुळे राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत. एकच जोडला तर उपयोग नाही.

पत्ता व बोगदा : सिमच्या जोडणीला बहुधा स्वतःचा जाहीर आयपी पत्ता (इंटरनेटवरचा ओळखक्रमांक) मिळत नाही, एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. परिणामी मुख्य कार्यालयाला शाखेच्या राउटरपर्यंत बाहेरून थेट पोहोचता येत नाही. तोड अशी, की शाखेचा राउटर स्वतःहून मुख्य कार्यालयाकडे कूटबद्ध बोगदा (इंटरनेटमधूनच जाणारी बंदिस्त खासगी वाट, व्हीपीएन) उघडतो आणि तो उघडा ठेवतो. मुख्य कार्यालयाला तेवढा एक स्थिर पत्ता पुरतो.

सरकारी चौकट : ब्रॉडबँडची किमान गती २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस होती, २०१३ मध्ये ती ५१२ केबीपीएस आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाली. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. राज्यातील दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट म्हणून ओळखले जाते. जून २०२२ मध्ये केंद्राने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मान्यता दिली; गावातली सोसायटीही त्यामुळे अशा जाळ्याचा भाग होऊ लागली आहे. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणेच्या कामकाजाच्या नोंदी (लॉग) १८० दिवस जपाव्या लागतात.

पूर्व विदर्भ : मेळघाटाप्रमाणेच गडचिरोलीतही डोंगर-जंगलामुळे टॉवर विरळ आहेत. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो; त्यामुळे तिथल्या शाखेसाठी जादा राउटर, सिम आणि बॅटरी मृगापूर्वीच पोहोचवून ठेवावी लागतात.