ईजीआर वॉल्व ब्लँक करायच्या आधी तो जाम का झाला ते बघा

डिझेल गाडी पिकअप देईना, अ‍ॅव्हरेज पडलं, डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि स्कॅनर लावल्यावर पी0401 किंवा पी0402 कोड आला, की बऱ्याच गॅरेजमध्ये एकच सल्ला मिळतो, ईजीआर ब्लँक करून टाका. ईजीआर वॉल्व म्हणजे जळलेला वायू थोडा परत इंजिनात सोडणारा वॉल्व, आणि ब्लँक म्हणजे मधे पत्र्याची प्लेट टाकून त्या वायूची वाट बंद करायची आणि सॉफ्टवेअरमधनं दिवाही विझवायचा. काम स्वस्तात होतं, गाडी पळतेही बरी, म्हणून लोक करतात. पण पुष्कळदा मूळ दोष वॉल्वचा नसतोच, तो दुसरीकडे असतो आणि प्लेट टाकून तसाच आत राहतो.

आधी हा वॉल्व करतो काय ते बघू. हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण सिलिंडरमध्ये डिझेल जळताना ज्वाळेचं तापमान साधारण 1500-1600 अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की तोच नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जातो आणि नॉक्स तयार होतो, म्हणजे नायट्रोजनचे ऑक्साइड, आणि तापमान जसं चढेल तसं त्याचं प्रमाण झपाट्याने वाढतं. पेट्रोल गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा नॉक्स मोडतो, पण डिझेलच्या धुरात जास्तीचा ऑक्सिजन कायम उरलेला असतो त्यामुळे तसल्या कन्व्हर्टरचं तिथे नॉक्सपुढे काही चालत नाही. मग उपाय सिलिंडरमध्येच करायचा, जळलेल्या वायूचा काही भाग परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत सोडायचा. त्यात ऑक्सिजन कमी असतो, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ जास्त, आणि हे दोन्ही बरीच उष्णता शोषून घेतात, म्हणून ज्वाळा तेवढी तापत नाही. किती वायू सोडायचा ते इंजिनचा कंप्युटर ठरवतो, हलक्या लोडवर भरपूर आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की जवळजवळ बंद.

आता गोची अशी की या परत येणाऱ्या वायूत काजळी असते, आणि त्याच इनटेकमध्ये इंजिनच्या ब्रीदर पाइपमधनं ऑइलची वाफही येते. किचनच्या चिमणीत तेलकट वाफ आणि धूर मिळून जसा चिकट थर बसतो तसाच हा थर वॉल्ववर आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत बसतो, फक्त इथे तो तापून कडक होत जातो. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल, इंजिन नीट तापतच नसेल, तर थर लवकर जमतो. टर्बोचं सील ऑइल सोडत असेल, एखादा इंजेक्टर डिझेल टपकवत असेल, एअर फिल्टर चोंदला असेल किंवा थर्मोस्टॅट उघडा अडकून इंजिन थंडच राहत असेल तरी तेच होतं. अशा गाडीत नुसता नवा वॉल्व टाकला तर तोही काही महिन्यांत काळा होणार, आणि मग लोक म्हणतात कंपनीचा पार्टच खराब.

वॉल्व उघडा अडकला तर लगेच कळतं, आयडलिंगला गाडी थरथरते, मधेच बंद पडते, चढाला उचलत नाही, काळा धूर मारते आणि डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असेल तर तोही लवकर भरतो. बंद अडकला तर मात्र गाडी चालवायला छान वाटू शकते, इंजिनचा आवाज थोडा कडक होतो आणि दिवा लागतो एवढंच, नॉक्स मात्र भरमसाठ वाढलेला असतो.

कोड आला म्हणजे वॉल्व गेला असं नाही हो. पी0401 म्हणजे वायू अपेक्षेपेक्षा कमी येतोय, पी0402 म्हणजे जास्त येतोय, आणि पी0403 आला तर आधी वायरिंग आणि कनेक्टर बघायचा. मेकॅनिकला सांगा की स्कॅनरवर लाइव्ह डेटा लाव, वॉल्वला दिलेली पोझिशन आणि खरी पोझिशन जुळते का बघ, आणि वॉल्व उघडल्यावर एअर फ्लो सेन्सरचं रीडिंग खाली येतं का तेही बघ. वॉल्व हलतोय पण रीडिंग हलत नाही म्हणजे वाट चोंदलेली आहे किंवा सेन्सरच चुकीचं सांगतोय. जुन्या व्हॅक्यूमवाल्या गाड्यांत तर कधी कधी फुटलेला रबरी पाइप निघतो आणि काम अगदी थोडक्या पैशात होतं.

साफ करायचा असेल तर वॉल्व काढूनच करा, पण क्लीनर मोटरच्या आणि सेन्सरच्या बाजूला जाऊ देऊ नका, स्क्रूड्रायव्हरने ढोसून वॉल्व फिरवू नका, आतले प्लॅस्टिकचे गिअर तुटतात. गॅस्केट नवीच टाका, आणि बऱ्याच गाड्यांत बसवल्यावर स्कॅनरने अ‍ॅडाप्टेशन करावं लागतं, म्हणजे वॉल्वची पोझिशन कंप्युटरला नव्याने शिकवावी लागते, नाहीतर दिवा परत येतो. हायवेला गाडी दाबून चालवली की सगळा कार्बन जळून जातो हे फारसं खरं नाही, नवा थर कमी बसेल, पण कडक झालेला तसा निघत नाही.

ब्लँक करण्याबद्दल मला खरंच पोटतिडकीने सांगायचंय. आपल्याकडे पीयूसीत डिझेल गाडीचा फक्त धूर किती दाट आहे ते मोजतात, नॉक्स मोजतच नाहीत. ईजीआर बंद केला की काजळी थोडी कमी होते, म्हणजे जी गाडी जास्त विषारी झाली तीच पीयूसीत जास्त स्वच्छ दिसते! बीएस4 या जुन्या प्रदूषण नियमांत डिझेल कारला किलोमीटरमागे 250 मिलिग्रॅम नॉक्सची मर्यादा होती, एप्रिल 2020 पासून बीएस6 मध्ये ती 80 वर आली, आणि इतकी मेहनत एका प्लेटने वाया जाते. नॉक्स डोळ्यांना दिसत नाही पण उन्हात त्याच्यापासून ओझोन तयार होतो, हवेत बारीक कणही तयार होतात, आणि दमा असलेल्या माणसाला, लहान पोरांना त्याचा त्रास होतो.

अजून एक भाग लोक विसरतात तो म्हणजे ईजीआर कूलर. गरम वायू इनटेकमध्ये जायच्या आधी यात कूलंटने थंड होतो. 2018 मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना आगी लागल्या त्या याच भागामुळे, कूलरमधनं गळलेलं कूलंट काजळीत मुरलं, गरम वायूने ते पेटलं आणि प्लॅस्टिकचं इनटेक मॅनिफोल्ड वितळलं. तिथे लाखावर गाड्या परत बोलावल्या, नंतर जगभरात हा आकडा साधारण 16 लाखांवर गेला. त्यामुळे बाहेर कुठेच गळती दिसत नाही तरी कूलंट सारखं कमी होतंय, किंवा इंजिन गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, तर नुसतं कूलंट टॉपअप करत बसू नका. मेकॅनिकला कूलरची प्रेशर टेस्ट करायला सांगा, आणि ती होईपर्यंत गाडी लांबच्या प्रवासाला काढू नका.