पाच बाय आठ की सहा बाय बारा? ट्रेलर मोठा, पण भार कमी

अमेरिकेत टॅकोमा, रेंजर किंवा कोलोरॅडोसारखा मध्यम पिकअप घेतला की लवकरच लक्षात येतं, मागचा बेड, म्हणजे माल ठेवायचा उघडा भाग, पुरत नाही. लांबी ५ किंवा ६ फूट, आणि चाकांवरच्या दोन उंचवट्यांमधली जागा इतकी अरुंद की ४ बाय ८ फुटांचं प्लायवूड तळाला टेकतच नाही. (होंडा रिजलाइनमध्ये टेकतं, तो अपवाद.) मग ट्रेलरचा शोध सुरू होतो आणि गाडं दोन मापांवर अडतं: ५ बाय ८ फूट आणि ६ बाय १२ फूट. 'मोठाच घ्या, किमतीत फारसा फरक नाही,' असं विकणाराही सांगतो आणि शेजारीही.

पण ही मापं फक्त तळाची लांबी-रुंदी सांगतात. वजन किती पेलेल ते कळायला ट्रेलरच्या चौकटीवरची पट्टी वाचावी लागते. तिथला जीव्हीडब्ल्यूआर हा आकडा म्हणजे ट्रेलरचं स्वतःचं वजन धरून कमाल एकूण वजन. अनेक राज्यांत ३,००० पाउंडांच्या वर गेलं की ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. म्हणून एका ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या), बिनब्रेकच्या ट्रेलरवर उत्पादक सर्रास २,९९० छापतात. खालचा ॲक्सल ३,५०० पाउंड पेलणारा असला तरी. आणि हाच आकडा पुष्कळदा दोन्ही मापांवर असतो.

आता वजाबाकी करा. ५ बाय ८ चा ट्रेलर रिकामा साधारण ७०० पाउंड भरतो, म्हणजे मालासाठी उरले २,२९०. ६ बाय १२ चा जवळपास १,१०० भरतो, उरले १,८९०. जागा जवळजवळ दुप्पट, भार मात्र ४०० पाउंडांनी कमी! जास्त लोखंडाचं वजन शेवटी मालाच्याच वाट्यातून जातं.

त्यामुळे नेणार काय, यावर सगळं ठरतं. परसात वाफे करायला माती आणायची असेल, तर एक घनयार्ड (३ बाय ३ बाय ३ फूट) माती सुमारे २,००० पाउंडांची, खडी त्याहून जड. ५ बाय ८ च्या ट्रेलरला २ फुटी कडा असतील तर त्यात जवळपास तीन यार्ड मावतात. पण मावतात म्हणून भरू नयेत. माती एक यार्ड भरली की थांबायचं, खडी तर त्याहूनही कमी. दिसायला ट्रेलर अर्धाही भरलेला नसतो आणि दुकानातला लोडरवाला 'अजून एक टाकू का?' विचारतो. मोठ्या ट्रेलरवर हा मोह आणखी वाढतो, शिवाय त्याला तर साधी मातीही एक यार्ड जास्तच होते, ओली तर आणखी जड.

उलट सामान हलकं पण पसरट असेल तर ६ बाय १२ ला तोड नाही. गणपतीत ढोल-ताशा पथकाचे ढोल न्यायचे म्हटलं की वजनाचा प्रश्नच येत नाही, जागेचाच येतो. मखर, सोफा, गाद्या यांचंही तेच. कच्च्या रस्त्यावर चालवायची, दोन माणसं शेजारी बसतात ती साइड-बाय-साइड गाडी तर ५ बाय ८ वर चढतच नाही.

ट्रेलरपेक्षा जास्त फसगत ट्रकच्या आकड्यांत होते. रेंजर टोइंग पॅकेजसह (ट्रेलर ओढायच्या जादा सोयींसह) ७,५०० पाउंड ओढते, त्याशिवाय ३,५००. जाहिरातीत पहिलाच आकडा दिसतो. पण ओढणं वेगळं आणि अंगावर घेणं वेगळं. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडतात त्या गोळ्यावर, दाबतो आणि तो ट्रकच्या पेलोडमधून, म्हणजे ट्रकने अंगावर घ्यायच्या कमाल वजनातून, वजा होतो. पेलोड ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. समजा तो १,१०० आहे. घरातली चार माणसं ५५०, बेडमधली हत्यारं २००, आणि २,९९० च्या ट्रेलरचा दाब साडेतीनशेच्या आसपास. संपला पेलोड, आणि ओढायची ताकद अजून निम्मीही वापरलेली नाही. हा दाब कमी करायला माल मागे सरकवावा असं मनात येतं, ते मात्र करू नये: मागे जड झालेला ट्रेलर हायवेवर शेपटी हलवायला लागतो. मालाचं साठेक टक्के वजन ॲक्सलच्या पुढेच हवं.

चालवताना दोघांचे स्वभावही निराळे. ५ फुटी ट्रेलर ट्रकच्या मागे जवळजवळ लपतो. अरुंद गल्लीत ते बरं, पण रिकामा असताना आरशात दिसतच नाही, आणि रिव्हर्समध्ये आखूड असल्यामुळे चटकन दुमडतो. ६ बाय १२ सावकाश वळतो, त्यामुळे शिकणाऱ्याला तो सोपा जातो. मात्र त्याची चाकं तळाच्या बाहेर असल्याने एकूण रुंदी ८ फुटांच्या आसपास जाते. ट्रकपेक्षा बरीच जास्त. टोल नाक्यावर आणि ड्राइव्ह-थ्रूमध्ये याची आठवण ठेवा. कॅलिफोर्नियात असाल तर कोणताही ट्रेलर ओढताना ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे, ती वेगळीच.

दोन्ही हवंच असेल, म्हणजे माती आणि लांबी दोन्ही, तर दोन ॲक्सलचा ७,००० पाउंडी ट्रेलर मिळतो. पण तो रिकामाच दीड हजाराच्या पुढे, ब्रेक आणि ट्रकमध्ये ते चालवणारा ब्रेक कंट्रोलर आलाच, आणि पूर्ण भरला तर माणसं धरून मध्यम पिकअपचा पेलोड कधीच उलटून जातो. वर्षातून दोनदा माती आणणाऱ्याने ५ बाय ८ घ्यावा आणि मखराच्या आठवड्यापुरता मोठा ट्रेलर भाड्याने आणावा. तो गॅरेजात मावेल का, एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) काय म्हणेल, ही डोकेदुखीही मग भाड्याने देणाऱ्याची.