बिअर व सायडरमधील मद्यार्काची कपात

नाव आणि बाटली तीच ठेवून पेयातल्या मद्यार्काचे प्रमाण उत्पादकाने जाणूनबुजून खाली आणणे, ही मद्यव्यवसायातली जुनी प्रथा आहे. हे प्रमाण आकारमानाच्या टक्क्यांत मोजतात. 5 टक्के म्हणजे 100 मिलिलीटर पेयात 5 मिलिलीटर शुद्ध मद्यार्क. कपात बहुधा दशांशांत होते: 5 चे 4.8, 4 चे 3.7. पिणाऱ्याच्या जिभेला ती सहसा कळत नाही, कारखान्याच्या हिशेबात मात्र लगेच दिसते.

कारणे आरोग्याची सांगितली जातात, बदललेल्या आवडीची सांगितली जातात. ती खोटी नाहीत. पण एखाद्या बिअरचा आकडा नेमका 3.4 वर येऊन का थांबला, हे समजून घ्यायचे तर करांचा तक्ता उघडावा लागतो.

ब्रिटनचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. तेथे 1 ऑगस्ट 2023 पासून सर्व मद्यांवरील कर त्यांच्यातल्या शुद्ध मद्यार्कावर मोजला जाऊ लागला. त्या वेळच्या दराने 3.5 ते 8.4 टक्क्यांच्या बिअरला शुद्ध मद्यार्काच्या दर लीटरमागे 21.01 पौंड, तर त्याखालच्या बिअरला 9.27 पौंड. 500 मिलीच्या कॅनचा हिशेब करून पाहावा. 4 टक्क्यांच्या कॅनमध्ये 20 मिली मद्यार्क, म्हणजे कर सुमारे 42 पेन्स. तोच कॅन 3.4 टक्क्यांचा केला की मद्यार्क 17 मिली आणि कर 16 पेन्सांच्या आत. मद्यार्क 15 टक्क्यांनी घटला, कर निम्म्याहून अधिक उतरला. ब्रिटनमधली कार्ल्सबर्ग 3.8 वरून 3.4 वर आली, ती याच पायरीवर. फॉस्टर्स 4 वरून 3.7 वर थांबली. तिला खालचा दर मिळाला नाही, फक्त कमी झालेल्या मद्यार्कापुरती बचत झाली.

सवलत 2011 पासूनही होती, पण 2.8 टक्क्यांपर्यंतच्या बिअरलाच. इतकी सौम्य बिअर पातळ लागते, म्हणून मोठ्या नाममुद्रा त्या वाटेला फारशा गेल्या नाहीत. रेषा 3.4 वर आली तेव्हा ती चवीच्या आवाक्यात आली.

सायडरचे, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या रसाचे, गणित वेगळे. 2023 पूर्वी ब्रिटनमध्ये 6.9 टक्क्यांच्या आतल्या सायडरवर सरसकट एकाच दराने, पेयाच्या लीटरवर कर होता. 5 ची 4.5 केली तरी करात छदामही वाचत नसे. आता प्रत्येक दशांशामागे थोडे वाचते. मात्र 3.4 च्या रेषेला सायडरच्या दरात फारसा फरक नाही, त्यामुळे बिअरसारखी तिथवर उडी मारण्याचे कारणही नाही.

करावर चाललेली ही काटकसर नेहमीच उघड्यावर होते असे नाही. कार्लिंग या बिअरच्या लेबलवर 4 टक्के छापलेले असताना 2012 पासून ती सुमारे 3.7 टक्क्यांची बनवली जात होती, हे कंपनीने स्वतःच कर-लवादापुढे सांगितले. लेबलवरील आकड्यात अर्ध्या टक्क्याची चूकभूल कायद्याला मान्य असल्याने ते नियमात बसत होते. गाजावाजा न करण्याचे कारणही तिथेच आले: वाचलेल्या करात दुकानदारांनी वाटा मागू नये.

तंत्र अवघड नाही. यीस्ट साखरेचा मद्यार्क करते, तेव्हा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, कमी घातले की साखर कमी आणि मद्यार्कही कमी. माल्ट भिजवताना तापमान 70 अंशांच्या आसपास ठेवले तर यीस्टला न पचणाऱ्या शर्करा जास्त उरतात आणि बिअरला जडपणा राहतो. मोठे कारखाने तर मुळात तीव्र बिअर बनवून शेवटी प्राणवायू काढलेले पाणी मिसळून ती हव्या त्या आकड्यावर आणतात. गवळ्याने दुधात पाणी घातले तर आपण भांडतो, इथे मात्र पाणी हा कृतीचाच भाग आहे, प्रश्न फक्त किती एवढाच. सायडरमध्येही रस आणि पाणी यांचे प्रमाण असेच हलते. ब्रिटिश नियमाने त्यात रस किमान 35 टक्के असला की पुरे.

कायद्याने ओढलेल्या रेषा नव्या नाहीत. पहिल्या महायुद्धात धान्य वाचवण्यासाठी ब्रिटिश बिअर पातळ झाली. अमेरिकेत दारूबंदी पूर्ण उठण्याआधी, एप्रिल 1933 मध्ये, वजनाने 3.2 टक्क्यांपर्यंतची बिअर मादक नाही असे ठरवून ती विक्रीला खुली केली गेली.

नागपुरात गाडी नेमकी उलट्या दिशेने चालते. इथल्या बिअर शॉपीत 'माइल्ड' मागणारे कमी, 'स्ट्राँग' मागणारे अधिक. भारतीय मानकांप्रमाणे 5 टक्क्यांपर्यंतची बिअर सौम्य आणि त्यावर 8 टक्क्यांपर्यंतची तीव्र. महाराष्ट्रात पिण्याच्या वयाची अटही याच रेषेवर बदलते: सौम्य बिअरला 21, तीव्र बिअरला 25. कर दोन गटांत बसतो, दशांशांवर नाही. एकदा 5 ची रेषा ओलांडली की 6 वर थांबून काही वाचत नाही, म्हणून बिअर वरच्या टोकाकडे सरकते. 650 मिलीच्या 8 टक्क्यांच्या बाटलीत 52 मिली शुद्ध मद्यार्क, 5 टक्क्यांच्या बाटलीत साडेबत्तीस. गिऱ्हाईक हा भागाकार करत बसत नाही, पण पैशाला काय मिळते हे त्याला बरोबर कळते.

फ्रिजमधून काढलेल्या घामेजलेल्या बाटलीवरचे बारीक छापील पाहिले, तर पुष्कळदा नेमका आकडा नसतोच. 5 टक्क्यांहून अधिक, 8 टक्क्यांपेक्षा जास्त नाही, अशा अर्थाची ओळ असते. 7.5 ची बिअर उद्या 6.8 ची झाली तरी त्या ओळीतले अक्षरही बदलावे लागणार नाही. ब्रिटनमध्ये दशांशांवरून बातम्या होतात. इथे असा बदल झाला तरी बाटली हातात घेणाऱ्याला पत्ता लागायचा नाही.

उन्हाचा मुद्दा वेगळा. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जाणाऱ्या शहरात तहानेला हलकी बिअर सोयीची असायला हवी, पण चवीची गणितेही असतात. सावजी रश्श्याच्या तर्रीपुढे पातळ बिअर जवळजवळ पाण्यासारखी लागते.

कपातीचे शेवटचे टोक म्हणजे शून्य मद्यार्काची बिअर. बिअर तयार करून निर्वात ऊर्ध्वपातनाने, म्हणजे कमी दाबाखाली मद्यार्काची वाफ करून, किंवा सूक्ष्म पडद्यांतून गाळून मद्यार्क काढून घेतात. भारतीय अन्नसुरक्षा मानकांत मद्य म्हणजे 0.5 टक्क्यांहून अधिक मद्यार्क असलेले पेय. त्याखालचे पेय मद्याच्या मानकांत मोडत नाही, म्हणून ते मॉलमध्ये सरबत-सोड्याच्या शेजारी मांडलेले दिसते.