मलेशिया आणि रोम करार : एका माघारीची पार्श्वभूमी

युद्धगुन्हे आणि वंशसंहार यांसारख्या गुन्ह्यांसाठी व्यक्तींवर खटले चालवणाऱ्या, हेगमधल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात सामील होण्याचे पत्र मलेशियाने ४ मार्च २०१९ रोजी संयुक्त राष्ट्रांकडे दाखल केले. ५ एप्रिलला पंतप्रधानांनी पत्रकार परिषदेत ते मागे घेत असल्याचे सांगितले. त्या एका महिन्यावर भरपूर लिहून आले, पण देशाला या न्यायालयाच्या दारापर्यंत नेण्यासाठी वकिलांनी, मानवी हक्क संघटनांनी आणि मोजक्या खासदारांनी केलेली खटपट बहुतेक लेखांत दोन ओळींत उरकली जाते.

हे न्यायालय ज्या कराराने उभे राहिले तो रोम करार १७ जुलै १९९८ रोजी १२० विरुद्ध ७ मतांनी संमत झाला. २१ देश तटस्थ राहिले. करारावर सही करण्याची मुदत ३१ डिसेंबर २००० ला संपली आणि तोवर मलेशियाने सही केली नव्हती. त्यामुळे पुढे मागणी एकच उरली, ती म्हणजे थेट सामील व्हा. आग्नेय आशियातलाच कंबोडिया २००२ मध्येच सदस्य झाला होता. मलेशियातल्या संघटनांचे काम तेव्हा बंद दाराआडचे होते: मंत्र्यांच्या भेटी, खासदारांसाठी चर्चासत्रे, कायद्याच्या मसुद्यांवर टिपणे. गंमत नव्हे, पण विसंगती अशी की युद्धगुन्ह्यांविषयी त्या देशात उदासीनता मुळीच नव्हती. एका माजी पंतप्रधानांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या खासगी न्यायाधिकरणाने २०११ मध्ये इराक युद्धाबद्दल अमेरिकेच्या माजी अध्यक्षांना आणि ब्रिटनच्या माजी पंतप्रधानांना दोषी ठरवले होते. त्या निकालाची अंमलबजावणी करणारी यंत्रणा नव्हती. ज्या न्यायालयाकडे करारबद्ध देशांच्या सहकार्याची यंत्रणा होती, त्याच्या बाहेर मलेशिया उभा होता.

त्याच २०११ च्या मार्चमध्ये मंत्रिमंडळाने सामील होण्याचा निर्णय घेतला. संघटनांना वाटले, आता उरली ती औपचारिकता. ऑगस्टमध्ये फिलिपिन्सने कराराला मान्यता दिली. मलेशियाची फाईल मात्र कायदेशीर तपासणीत अडकली ती अडकलीच.

मोहिमेला धार आली ती १७ जुलै २०१४ नंतर. युक्रेनच्या पूर्व भागावरून जाणारे मलेशियाचे प्रवासी विमान पाडले गेले आणि त्यातले सर्व २९८ जण मारले गेले. त्यात ४३ मलेशियन होते. वर्षभराने, २९ जुलै २०१५ रोजी, खास न्यायाधिकरण नेमण्याचा मलेशियाचा ठराव सुरक्षा परिषदेत आला. ११ देशांनी बाजूने मत दिले, तिघे तटस्थ राहिले आणि रशियाने नकाराधिकार वापरला. ठराव तिथेच संपला. या प्रसंगाने कार्यकर्त्यांच्या हाती एक बिनतोड मुद्दा दिला. रोम कराराच्या १२ व्या कलमानुसार गुन्हा विमानात घडला असेल, तर ते विमान ज्या देशात नोंदलेले आहे तो देश सदस्य असणेही न्यायालयाच्या अधिकारासाठी पुरते. विमान मलेशियात नोंदलेले होते. देश २०११ च्या निर्णयाप्रमाणे वेळेत सामील झाला असता, तर कुणाच्याही नकाराधिकाराने तो दरवाजा बंद झाला नसता. युक्रेनने स्वतंत्र घोषणेने न्यायालयाचा अधिकार मान्य केला होता, म्हणजे मार्ग अगदीच खुंटला नव्हता. पण आपल्या माणसांच्या न्यायासाठी दुसऱ्या देशाच्या घोषणेवर विसंबावे लागणे ही बोचणारी गोष्ट होती.

मे २०१८ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यानंतर प्रथमच सत्तापालट झाला. सप्टेंबरमध्ये नव्या पंतप्रधानांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत उरलेले मानवी हक्क करार स्वीकारण्याची ग्वाही दिली. पहिलाच प्रयत्न फसला. वंशभेद निर्मूलनाच्या करारामुळे मलय समाजाचे घटनादत्त विशेष स्थान जाईल अशी हाकाटी उठली, नोव्हेंबरात सरकारने पाऊल मागे घेतले, तरीही ८ डिसेंबरला क्वालालंपूरच्या रस्त्यांवर मोठी गर्दी उतरली. रोम कराराच्या वाट्याला काय येणार, याची ही आगाऊ सूचना होती. ती ओळखायला हवी होती.

मार्च २०१९ मधल्या वादाचा गाभा एका पदात आहे. मलेशियात नऊ वंशपरंपरागत राजे आहेत आणि त्यांच्यातून पाच वर्षांसाठी सम्राट निवडला जातो. घटनेचे ४१ वे कलम त्याला सशस्त्र दलांचा सरसेनापती म्हणते. रोम कराराचे २७ वे कलम सांगते की आरोपीचे अधिकारपद, मग ते राष्ट्रप्रमुखाचे का असेना, त्याला वाचवू शकत नाही. ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की भीती तयार होते: सैन्याने उद्या काही केले तर सम्राटांना हेगला नेतील. एका राज्याच्या युवराजांनी जाहीर विरोध केला. चार प्राध्यापकांचे एक टिपण राजांच्या परिषदेपुढे ठेवले गेले, आणि त्यात सामील न होण्याचीच बाजू होती. विद्यार्थी कार्यकर्त्यांनी त्याचा सारांश एप्रिलमध्ये उघड केला तेव्हा लोकांना कळले की निर्णय कोणत्या युक्तिवादावर फिरला.

तो युक्तिवाद कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. सेनापतीची जबाबदारी २८ व्या कलमात आहे आणि तिथे नुसते पद पुरत नाही. सैन्यावर प्रत्यक्ष ताबा आणि नियंत्रण असावे लागते, शिवाय गुन्ह्याची माहिती असूनही किंवा असायला हवी असताना तो रोखला नाही, हे सिद्ध करावे लागते. मलेशियाच्या घटनेचे ४० वे कलम सम्राटाला मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायला सांगते. ताबा मंत्रिमंडळाचा, तर प्रश्नही मंत्रिमंडळालाच विचारला जाणार. स्पेनमध्ये नेमकी हीच शंका निघाली होती. तिथला राजाही घटनेनुसार सैन्याचा सर्वोच्च प्रमुख. पण त्याच्या कृतींवर मंत्र्यांची प्रतिस्वाक्षरी असते आणि जबाबदारीही त्यांचीच, असा सल्ला १९९९ मध्ये सरकारला मिळाला आणि पुढच्या वर्षी स्पेन सदस्य झाला. लक्झेंबर्गने घटनेतच एक वाक्य घालून अडचण मिटवली. ब्रिटन, नेदरलँड्स, नॉर्वे, जपान, कंबोडिया या सगळ्यांनी आपापली सिंहासने सांभाळून हा करार स्वीकारला आहे.

दुसरा धागा घरचाच आहे. १९९३ मध्ये घटनादुरुस्ती होऊन राजांचे वैयक्तिक कृत्यांबाबतचे पूर्ण संरक्षण गेले आणि त्यांच्यासाठी विशेष न्यायालय आले. ती दुरुस्ती ज्या पंतप्रधानांनी रेटून नेली, तेच २०१९ मध्ये पुन्हा त्या खुर्चीवर होते. राजवाड्यांना जुनी जखम आठवणे स्वाभाविक होते, आणि विरोधकांनी तिचा पुरेपूर वापर केला. माघार घेताना करार देशाच्या हिताविरुद्ध आहे असे पंतप्रधान म्हणाले नाहीत. राजकीय हेतूने गोंधळ माजवला गेला, असे त्यांचे म्हणणे होते. मग गोंधळ निस्तरायला हवा होता. करार मलेशियाला १ जूनपासून लागू होणार होता. समजावून सांगायला जवळजवळ दोन महिने हातात होते. एप्रिलअखेर माघारीचे पत्र संयुक्त राष्ट्रांकडे गेले.

चूक मोहिमेचीही झाली. करारात सामील होणे हा मंत्रिमंडळाचा अधिकार, म्हणून सारा जोर मंत्रिमंडळावर लावला गेला. मलय भाषेतून, लहान गावांतून, मशिदींच्या आवारातून हा करार काय करतो आणि काय करत नाही हे सांगायला माणसे कमी पडली. ती जागा अफवांनी घेतली.

त्यानंतरची वर्षे या प्रश्नाला अधिकच टोकदार करून गेली. म्यानमार सदस्य नसतानाही रोहिंग्यांच्या सक्तीच्या हकालपट्टीची चौकशी सुरू झाली, कारण ते ज्या भूमीवर पोचले तो बांगलादेश सदस्य आहे. मलेशियात एक लाखाहून अधिक नोंदणीकृत रोहिंग्या निर्वासित आहेत, पण त्यांच्या मलेशियापर्यंतच्या प्रवासाला तो आधार मिळत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये गाझाप्रकरणी इस्रायलच्या पंतप्रधानांविरुद्ध वॉरंट निघाले. पॅलेस्टाईनचा प्रश्न मलेशियन जनतेच्या किती जिव्हाळ्याचा आहे ते सांगायला नको. तरी अशा न्यायालयाच्या सदस्य सभेत मलेशियाला मत नाही.

फिलिपिन्सची गोष्ट तर मलेशियाच्या माघारीला लागूनच घडली. १७ मार्च २०१९ रोजी तो देश न्यायालयातून बाहेर पडला. पण सदस्यत्वाच्या काळात अमली पदार्थविरोधी मोहिमेत झालेल्या हत्यांवरचा न्यायालयाचा अधिकार बाहेर पडल्याने संपला नाही, आणि मार्च २०२५ मध्ये तिथल्या माजी अध्यक्षांना मनिलात अटक होऊन हेगला नेण्यात आले. मारल्या गेलेल्यांच्या आईबायकांनी आणि त्यांच्या वकिलांनी ज्या तारखांचा आधार घेतला, त्या त्यांच्या देशाने सात वर्षांहून अधिक काळ सदस्य राहून दिल्या होत्या. मलेशियाने १ जून २०१९ उजाडण्याआधीच पत्र परत घेतल्यामुळे तिथल्या कुणाला दाखवता येईल असा सदस्यत्वाचा एकही दिवस नोंदीत नाही.